पीसी की कन्सोल: दुकानात जायच्या आधी एवढं करा

घरात गेमिंगचा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो पीसी घे, अभ्यासालाही होईल, दुसरा म्हणतो कन्सोल, म्हणजे प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घे, टीव्हीला लाव आणि खेळ, आणि दोघंही बोलतात फक्त मशीनच्या किमतीवर. मागच्या वेळी आमच्याकडे दहा हजार वाचतायत म्हणून डिस्क ड्राइव्ह (गेमची डिस्क घालायची जागा) नसलेला कन्सोल आला आणि वाचलेले दहा हजार गेम्स घेण्यातच गेले, वर अजून गेले ते वेगळेच. तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी हेच सगळं क्रमाने सांगतो. डिस्क ड्राइव्ह. पहिल्याच परिच्छेदात सांगून ठेवलंय, पुढे परत येणार आहे.

आधी कागदावर गेम लिहा. मशीन नाही, गेम. ज्याला खेळायचंय त्यालाच लिहायला बसवा, बाबांनी किंवा काकांनी अंदाजाने लिहू नये. यादीत व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, डोटा २ असं असेल तर पीसी घ्या आणि पुढचं बरंचसं सोडून द्या, हे गेम फुकट आहेत आणि माउस-कीबोर्डवरचे आहेत. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवरही आला, पण कन्सोलवाला आणि पीसीवाला त्यात एकमेकांबरोबर खेळू शकत नाहीत, म्हणजे इथे इंदूरात राजेंद्र नगरातले चार मित्र पीसीवर असतील तर तुमचा मुलगा कन्सोलवर एकटाच पडणार. मित्र कशावर खेळतात हे विचाराच, एक फोन करायला काय जातंय. यादीत सोफ्यावर बसून भावंडांनी खेळायचा फुटबॉल, रेसिंग असं असेल तर कन्सोल. आणि जीटीएसाठी थांबलेल्यांनी एवढं लक्षात घ्या की जीटीए ५ कन्सोलवर २०१३ मध्ये आला होता आणि पीसीवर २०१५ मध्ये, आणि जीटीए ६ ची घोषणा झाली तीसुद्धा प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठीच.

आता डिस्क ड्राइव्ह. हा भाग घाईत वाचू नका. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० ला होता आणि डिजिटल, म्हणजे ड्राइव्ह नसलेला, ३९,९९० ला. एप्रिल २०२४ मध्ये त्याचंच लहान मॉडेल, स्लिम, आला तेव्हा ५४,९९० आणि ४४,९९०. दोन्ही वेळा फरक बरोबर दहा हजार, आणि काउंटरवर उभं राहिलं की हे दहा हजार फार मोठे दिसतात. आजचे भाव आज बघा, पण फरकाचा हिशोब असाच करायचा. सोनीचे स्वतःचे नवे गेम आपल्याकडे ४,९९९ पर्यंत जातात. समजा वर्षाला पाच नवे गेम, सरासरी चार हजारांनी, आणि मशीन चार वर्षं चाललं, तर वीस गेम म्हणजे ८०,०००. डिजिटलवर घेतलेला गेम तुमच्या अकाउंटला चिकटतो, तो विकता येत नाही, मित्राला देता येत नाही, म्हणजे ८०,००० गेले ते गेलेच. डिस्क असेल तर गेम संपवायचा आणि विकायचा, दर गेममागे समजा पंधराशेचा फटका बसला तरी चार वर्षांत ३०,००० लागतात. पन्नास हजारांचा फरक, तोही दहा हजार वाचवायच्या नादात! वर्षाला एक-दोनच गेम घेणार असाल तर फरक तेवढाच कमी होतो, म्हणून आकडे स्वतःचे घालून बघा, माझे नकोत.

शिवाय ड्राइव्ह असेल तर प्लेस्टेशन ४ च्या जुन्या डिस्कही जवळपास सगळ्या प्लेस्टेशन ५ वर चालतात, आणि त्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. एक्सबॉक्सच्या सिरीज एस ला ड्राइव्ह नाहीच, तो नंतर बसतही नाही. प्लेस्टेशनच्या पहिल्या डिजिटल मॉडेललाही बसत नाही. स्लिमच्या डिजिटलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यायचा आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. म्हणून दुकानदार 'डिजिटल ले लो भिया, आजकल डिस्क कौन लेता है' म्हणाला की मान डोलवू नका. जो गेम विकणार आहे तो डिस्क घेतो.

जुनी डिस्क घेताना ती उजेडात तिरकी धरून खालची बाजू बघा. बारीक भुरकट ओरखडे बहुतेक चालतात, पण खोल रेघ असेल तर परत द्या. डबा उघडूनच घ्या, काही डब्यांत डिस्क नसतेच, नुसता कोड असतो, आणि वापरलेल्या कोडची किंमत शून्य.

पीसीत डिस्कचा प्रश्नच नाही, तिथे गेम विकता येत नाही हे धरूनच चालायचं. पण स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात रुपयात भाव असतात, उन्हाळ्यात आणि वर्षाअखेरीस मोठे सेल लागतात, एपिक हे तसंच दुसरं दुकान दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं, आणि स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ऑनलाइन खेळायला पीसीवर वेगळे पैसे नाहीत. कन्सोलवर विकतचे गेम ऑनलाइन खेळायचे तर पैसे भरून सदस्यता लागते, फुकटच्या गेम्सना प्लेस्टेशन प्लस (प्लेस्टेशनची ही सदस्यता) लागत नाही. ही सदस्यता चार वर्षांची गुणून कागदावर लिहा. एका वर्षाची लिहाल तर हिशोब कन्सोलच्याच बाजूने झुकणार.

पीसीच्या खर्चात लोक मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस, टेबल हे धरतच नाहीत आणि मग म्हणतात बजेट कोलमडलं. कन्सोलवाल्यांनी टीव्ही घरात आहे का आणि तो खेळायच्या वेळी मोकळा असतो का हे बघा, आईची मालिका आणि तुमची मॅच एकाच वेळी असली की रोज वाद. आणि 'पीसी कामालाही येतो' हे खरं आहे, एडिटिंग, कोडिंग, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर हे सगळं होतं, पण घरात आधीच चालता लॅपटॉप असेल तर तो फायदा मोजू नका.

पीसीच्या पार्ट्सचं कोटेशन घ्यायला सिल्व्हर मॉलमध्ये दोन-तीन दुकानं फिरा आणि कोटेशन त्याच आठवड्याचं असू द्या, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की जुना कागद काही कामाचा नाही. कोटेशनमध्ये एसएमपीएस (पीसीच्या पार्ट्सना वीज पुरवणारा डबा) समोर नुसतं '४५० वॅट' लिहिलेलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून मागा. डबा हातात घेऊन स्टिकर वाचा, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते बाराने गुणा. ३६ अँपिअर असेल तर ४३२ वॅट, ठीक आहे. गुणाकार २०० च्या आसपास आला तर वर काहीही छापलेलं असो, त्याच्या जिवावर ग्राफिक्स कार्ड लावू नका, असा एसएमपीएस जळताना सोबत बाकीचंही घेऊन जातो. पैसे कमी पडत असतील तर रंगीत दिव्यांचे आरजीबी पंखे काढा, काचेचं कॅबिनेट काढा, एसएमपीएसला हात लावू नका.

लाइटचं बघा. मधल्या दर्जाचा पीसी खेळताना साधारण ३०० वॅट घेतो, रोज तीन तास म्हणजे महिन्याला २७ युनिट, कन्सोल २०० च्या आसपास म्हणजे १८. आकडा लहान वाटतो, पण मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तरच पहिल्या १०० युनिटचे १०० रुपये लागतात. ज्यांचं बिल १३०-१४० युनिटवर असतं त्यांचं या २७ युनिटांनी थेट योजनेबाहेर जातं. मागची सहा बिलं काढून बघा. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्या मोडवर नसेल तर लाइट गेल्यावर मशीन बंद पडून परत सुरू होणार, आणि अपडेट चालू असताना असं झालं तर डेटा जाऊ शकतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो, तो फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की प्लग काढा.

घ्यायच्या दिवशी: पक्कं बिल. 'बिना बिल के थोड़ा कम हो जाएगा' याला सरळ नाही म्हणा, बिलाशिवाय वॉरंटीसाठी कुणासमोर उभं राहणार. बिलावर सीरियल नंबर आहे का बघा. परदेशातून आणलेला कन्सोल स्वस्त दिसतो, पण इथली वॉरंटी त्याला नसते. आणि पैसे द्यायच्या आधी डब्यावर डिजिटल लिहिलंय का ते वाचा. मोठ्याने वाचा. एकसारखे डबे असतात, घाईत दुसराच हातात येतो.

घरी आल्यावर जागा मोकळी ठेवा, टीव्हीच्या बंद कपाटात कन्सोल कोंबू नका, एप्रिल-मे मध्ये तापतो. पीसीची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा. स्टोरेज भरेल तेव्हा प्लेस्टेशन ५ ला बाजारातली जेन ४ ची एनव्हीएमई (पीसीत लागते तीच पट्टीसारखी एसएसडी) चालते, हीटसिंकवाली (उष्णता काढणारी धातूची पट्टी असलेली), एक्सबॉक्सला त्याचंच खास कार्ड लागतं आणि ते महाग पडतं. कन्ट्रोलर एकच येतो, दुसऱ्याचे पैसे धरा. डबा आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.