युद्धखेळाचे वाकलेले पट सरळ केले

लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आमच्या लघुप्रतिमांच्या (सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांच्या) युद्धखेळाचे एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) पट कडांनी उचलले जात आणि सांध्यांत फटी पडत. जमिनीसारखा दिसावा म्हणून दिलेला फेविकॉल व वाळूचा थर फक्त वरच्या बाजूला असला, की तो सुकताना आकसतो आणि पटाला स्वतःकडे ओढतो; म्हणून मी खालच्या बाजूला व कडांनाही पातळ फेविकॉलचा हात देऊन पट वजनाखाली सुकवले, तेव्हा फटी मिटल्या. नवे पट घेताना मात्र मी एक्सपीएस फोमच (थर्माकोलपेक्षा घट्ट फोम) सुचवेन, कारण स्वस्त थर्माकोलचे कोपरे लवकर झडतात. 2 बाय 2 फुटांचे सहा पट 6 बाय 4 फुटांचे मैदान व्यापतात आणि हवे तसे फिरवून मांडता येतात. फोमवर थेट स्प्रेचा रंग मारू नये, त्यातील द्रावकाने फोम विरघळतो. आधी इमल्शन रंगाने तो पूर्ण झाकावा.