पावसाळ्यात मांड्यांची ताकद टिकवायची तर खुर्चीची उठबस

बेळगाव-खानापूरकडं पावसाची झड लागली की व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरची किंवा किल्ला तळ्याकाठची सकाळची फेरी बंद पडते. साठीपुढच्या पुरुषांनी त्या दिवसांत घरीच खुर्चीची उठबस करावी.

सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर आडवे घ्या, श्वास सोडत उभे राहा. बसताना मात्र धपकन बसू नका, तीन मोजत खाली या. मांड्यांचा खरा कस तिथंच लागतो. आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड.

महिन्यातून एकदा ३० सेकंद लावून मोजा. ६५ ते ७४ वयाच्या पुरुषाला पूर्ण उभं राहणं निदान १२ वेळा जमायला हवं. कमी भरलं तर पडण्याचा धोका जास्त, म्हणून सराव सोडू नका. ‘जन्मभर शेतात राबलोय, मला कशाला व्यायाम?’ असं आपली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पण काम थांबलं की स्नायू झपाट्यानं झिजतात. भाकरीसोबत रोज उसळ, अंडं किंवा दही हवंच.

छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.