कोजागरीला तांदूळ भिजत घाला: घरचे अनारसे पुन्हा सुरू करताना

अख्खा फराळ घरी करायचा हट्ट सोडा, हे आधीच सांगते. चकली, शेव, चिवडा गृहउद्योगाच्या बायका छान करतात, त्यांना करू द्या. घरचा म्हणून एकच पदार्थ धरा, पण असा की जो विकत धड मिळत नाही, ज्याला वेळ लागतो आणि ज्यात चार जणांचे हात गुंततात. आमच्याकडे ते अनारसे. तुमच्याकडे कोकणातल्या पातोळ्या असतील (नागपंचमीला चिरणं-तळणं नको, म्हणून हळदीच्या पानात उकडलेल्या), नाहीतर खानदेशातल्या आखाजीच्या सांजोऱ्या. पदार्थ कुठलाही चालेल, तिथी मात्र पक्की हवी. ‘सवड मिळाली की करू’ म्हटलेलं कधीच होत नाही.

पहिलं काम म्हणजे घरातल्या जाणत्या माणसाकडून प्रमाण काढून घेणं. माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. त्यांची मापं दोनच, चिपटं आणि मूठ. कसं करता विचारलं की म्हणणार, “त्यात काय, तांदूळ भिजवायचे आणि गूळ घालायचा.” म्हणून विचारत बसू नका. त्यांना करू द्या आणि प्रत्येक गोष्ट परातीत पडायच्या आधी वजनकाट्यावरून जाऊ द्या. फोनवर चित्रण करणार असाल तर हातांचं करा, चेहऱ्याचं नको. कॅमेरा दिसला की त्या पदर सावरतात आणि हात थांबतात. खुणा त्यांच्याच शब्दांत लिहा. आमच्या वहीत ओल्या पिठाबद्दल एवढंच आहे: “मूठ वळली पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये.” हे वजनकाटा सांगत नाही.

आता कृती. अर्धा किलो जुना जाडा तांदूळ घ्या, नवा घेऊ नका. धुऊन तीन दिवस भिजत ठेवा, पाणी रोज बदला. चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सावलीत पसरा. हवा कोरडी असेल तर तासाभरात होतं. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला असेल तर पंखा लावून जास्त वेळ. खडखडीत वाळवायचा नाही. दमट असतानाच मिक्सरवर दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. मूठभर पीठ गूळ न घालता वेगळं ठेवा, ते पुढे लागेल. उरलेलं पीठ तोला आणि तेवढाच किसलेला गूळ घ्या. सासूबाई बरोबरीचा घेतात, मी थोडा हात आखडते, कारण गूळ चिकट निघाला तर अनारसा तुपात विरघळतो. चमचाभर तूप घालून गोळा करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गोळा कोरडा वाटला तरी दूध-पाणी घालू नका; गूळ सुटतो आणि तो आपोआप सैल होतो.

हे सगळं दिवाळीच्या तोंडावर सुरू केलं की पीठ मुरत नाही. म्हणून आम्ही कोजागरीच्या रात्री तांदूळ भिजत घालतो. मसाला दूध आटेपर्यंत सगळे जागेच असतात, आणि तिथून वसुबारस बारा दिवसांवर. तीन दिवस भिजवण, एक दिवस दळण, मग आठवडाभर मुरायला मिळतो. वसुबारसेला आमच्याकडे तळण आणि दूधतूप वर्ज्य, त्यामुळे कढई चढते ती धनत्रयोदशीला.

कामं वाटून द्या आणि मग त्यात नाक खुपसू नका. तांदळाचं पाणी बदलणं लेकीकडे आहे. तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, ती नाक मुरडते, पण तो मान दुसऱ्याला देत नाही. दळण-चाळण नवऱ्याकडे. थापायला सासूबाई, खुर्चीवर बसून.

तळताना घाई करायची नाही. सुपारीएवढी गोळी केळीच्या पानावर खसखशीवर ठेवून बोटांनी पुरीएवढी थापा. तूप मंद आचेवर तापलं की खसखशीची बाजू वर ठेवून सोडा आणि उलटू नका. झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहा, मधोमध जाळी उमलताना दिसते. बदामी रंग आला की काढून चाळणीत उभे करून ठेवा, तूप निथळतं.

आधी एकच तळून बघा. तो हसला, म्हणजे तुपात पसरून विस्कटला, तर बाजूला ठेवलेलं पीठ थोडं मिसळा. कडक झाला किंवा जाळी पडली नाही, तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून गोळ्यात मळा. तरीही जमलं नाही तर गोळा झाकून एक-दोन दिवस आणखी मुरू द्या.

बदलाला किती वाव द्यायचा, हे घराघराने ठरवावं. माझी नणंद दुबईत असते. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, त्यामुळे ती तीळ लावते. सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग बिहारकडे अनारशाला तीळच लावतात हे कळल्यावर गप्प बसल्या. गुळाऐवजी साखर घेतली तरी माझी हरकत नाही. अनारसा उलटायचा नाही, एवढ्यावर मात्र मी अडून बसते.

घरात नवा जावई असेल तर अधिक महिन्यात हीच वही पुन्हा उघडावी लागते, कारण वाणात 33 अनारसे द्यायची पद्धत आहे. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. ज्येष्ठातल्या उकाड्यात तांदूळ लवकर आंबतो, तेव्हा पाणी दिवसातून दोनदा बदला.

दिवाळीत सगळा गोळा संपवायची गरज नाही. गुळाचा गोळा फ्रीजमध्ये चांगला टिकतो. तुळशीच्या लग्नाला ताजे तळायचे असतील तर आदल्या रात्री बाहेर काढून ठेवा, थंड गोळा थापताना कडेला चिरतो.