कमी खर्चात पक्कं खुराडं : पैसे जाळीत घाला, बाकी सगळं जुनं चालतं

परसात आठ-दहा गावठी कोंबड्या ठेवायच्या म्हटलं की लोक आधी पत्रा केवढ्याला पडेल ते विचारतात. अहो पत्रा जुना चालतो, वासे जुने चालतात, मोडक्या पलंगाच्या फळ्या पण चालतात, पण जाळी आणि कडी मात्र नवीन आणि चांगलीच घ्या, कारण कोंबडीवर टपलेलं जनावर पत्रा फाडत बसत नाही, ते फट शोधतं. कोकणात मुंगूस, कांडेचोर (उदमांजर), रानमांजर, धामण, नाग, वर गावातली कुत्री आहेतच, आणि कोल्हा पण धरा.

दुकानात कोंबडीची जाळी म्हणून जी षटकोनी भोकांची पातळ जाळी देतात ती कोंबडी आत ठेवायच्या कामाची, जनावर बाहेर ठेवायच्या नाही. कुत्रं दातांनी फाडतं, आणि रानमांजर भोकातून पंजा घालून कडेला झोपलेल्या कोंबडीचा पायच ओढतं. अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून वेल्ड केलेली जाळी मागा, आणि गेज (तारेच्या जाडीचा आकडा) विचाराल तेव्हा लक्षात ठेवा की आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक. महाग पडते, म्हणून आधी रोलची रुंदी बघायची आणि मग खुराड्याचं माप ठरवायचं. 3 किंवा 4 फुटी रोल मिळतो, भिंत तेवढीच उंच ठेवली की तुकडे वाया जात नाहीत. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या दहा कोंबड्यांना रात्रीपुरतं 4 बाय 5 फूट पुरतं, म्हणजे एकीला 2 चौरस फूट.

जाळी नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, जोर लावला की निघते. यू-खिळे मारून कडेवर लाकडी पट्टी ठेवायची आणि पट्टीतून स्क्रू, मग हलत नाही. खुराडं जमिनीवर असेल तर उकरून येणाऱ्यांसाठी बाहेरच्या बाजूने फूटभर जाळी जमिनीवर आडवी पसरा, वर चिऱ्याचे तुकडे दाबा. खड्डा खणायची गरज नाही, जनावर भिंतीलगतच उकरतं आणि खाली जाळी लागली की सोडून देतं. पावसाच्या मुलखात मात्र मी तरी दोन फूट उंच पायांवरच बांधायला सांगेन, पायाखाली चिरा आणि लाकडाला जळकं ऑइल, वाळवी लागत नाही लवकर.

दाराला नुसती फिरणारी लाकडी खुंटी नको. कांडेचोर झाडावर चढणारं, हाताने चाचपणारं जनावर आहे, ढकलून ढकलून सैल करतो. कडी-कोयंडा लावा आणि त्यात एक छोटं कुलूप, माणसातले चोर पण असतातच की.

आता हवा. घट्ट बंद खुराड्यात विष्ठेचा अमोनिया साठतो आणि कोंबड्यांना सर्दी-खोकला लागतो, म्हणून छपराखाली वितभर उघडी पट्टी ठेवा, अर्थात जाळी लावूनच. सकाळी दार उघडून कोंबडीच्या उंचीला वाका, डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे. पत्रा फूटभर बाहेर काढा, पावसाच्या बाजूला ताडपत्रीचा गुंडाळता येणारा पडदा लावा. विदर्भात पत्र्यावर गवत टाकल्याशिवाय उन्हाळा निघत नाही.

बसायला बांबू, एकीला 8-10 इंच जागा, आणि हा बांबू अंड्याच्या पेटीपेक्षा उंच हवा, नाहीतर सगळ्या पेटीतच झोपतात आणि अंडी घाण. पेटी म्हणून भाजीचा जुना क्रेट मस्त, चार-पाच कोंबड्यांना एक. खाली भाताचं तूस.

रात्री खाद्य आत ठेवायचं नाही. खाद्याला उंदीर येतो आणि उंदराच्या मागे साप, सापासाठी वेगळं औषध शोधत बसण्यापेक्षा हे सोपं. बिबट्याच्या भागात मात्र असलं खुराडं पुरणार नाही, तिथे घराच्या भिंतीला लागून पक्की खोलीच हवी.

नवीन कोंबड्या आणल्या की पहिले चार-पाच दिवस आतच कोंडा, दाणा-पाणी दिवसा तिथेच द्या. मग सोडल्या तरी दिवेलागणीला आपणहून परत येतात. मोजायच्या आणि कडी लावायची.