शेव्हेलचं मागचं सस्पेन्शन: बोल्ट शेवटी आवळा

१९६४ ते ७२ मधल्या शेव्हेलला (शेव्रोलेची अमेरिकन गाडी) नवं मागचं सस्पेन्शन बसवताना दोन कटकटी हमखास होतात. चारही आर्म (एक्सल चॅसीला जोडणारे दांडे) एकदम काढले की एक्सल फिरतो, मग बोल्टची भोकं जुळता जुळत नाहीत. आणि नवे रबरी बुश (आर्मच्या टोकांतली रबरी नळकांडी) लवकर फाटतात.

१. गाडी पुढूनमागून सारखी उचलून चॅसीखाली स्टँड लावा. एक्सल जॅकवर तोलून धरा.

२. एका वेळी एकच आर्म बदला, आधी खालचे दोन, मग वरचे. बोल्ट अडला तर हातोड्याला हात घालू नका. जॅक बोटभर वरखाली केला की बोल्ट बहुतेक वेळा हातानेच आत सरकतो.

३. नट टेकेपर्यंतच फिरवा. पान्हा बाजूला ठेवा.

४. स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर बसले की मागचे स्टँड एक्सलखाली घ्या, म्हणजे गाडीचं वजन स्प्रिंगवर येईल. डिकी दोनतीनदा दाबून सोडा आणि मगच किटच्या कागदावरल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्ह्याने) आवळा. एक्सल लोंबकळत असताना आवळलेला रबरी बुश कायम पिळलेला राहतो, आणि गाडीही मागून उचललेली दिसते.

पॉलियुरेथेनचे बुश असतील तर या शेवटच्या पायरीचं तेवढं अडत नाही. त्यांना ग्रीस मात्र सढळ हाताने लावा, नाहीतर कुरकुर डोकं उठवते.

शॉक सोडल्यावर एक्सल खाली घेताना चॅसीवरून येणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळीवर नजर ठेवा. एक्सलचा भार तिच्यावर येता कामा नये.