मेडिकलचा फॉर्म: घाई कुठे करायची आणि कुठे नाही

दर जुलैत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "सीईटी सेलची नोंदणी सुरू झालीय, साइट उघडत नाहीये. आज नाही भरला तर जागा जाईल का हो?" नाही जात. सीईटी सेल म्हणजे राज्यातले प्रवेश करणारी सरकारी यंत्रणा. नीट यूजी या देशभरच्या एकाच परीक्षेतून होणाऱ्या प्रवेशात मुलाची रँक, त्याचा प्रवर्ग आणि त्याने दिलेला पसंतीक्रम एवढंच बघितलं जातं. फॉर्म पहिल्या दिवशी भरला की शेवटच्या, याने काही बिघडत नाही. अमेरिकेत बरीच मेडिकल कॉलेजं अर्ज जसे येतील तसे वाचतात आणि मुलाखतींना बोलावतात, म्हणून तिथे लवकर अर्ज करण्याला किंमत आहे. न्यू जर्सीच्या एखाद्या मावशीचा ‘लवकर भर’ हा सल्ला इकडे लागू पडत नाही तो त्यामुळे.

फॉर्म आधी भरला की फायदा, या आपल्याकडच्या समजुतीचं मूळ बहुधा बरोबरीच्या नियमात असावं. २०२२ मध्ये दोघांचे गुण सारखे आले, विषयवार गुण, चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आणि वय पाहूनही फरक पडला नाही, तर अगदी शेवटी ज्याचा अर्ज क्रमांक आधीचा तो पुढे, असं होतं. २०२५ च्या नियमांत ते उरलं नव्हतं.

उशिराने जागा जाते ती दोनच ठिकाणी: दाखल्यांत आणि जागावाटपाच्या फेऱ्यांत.

१. अकरावीतच: जात वैधता

राखीव जागेवर प्रवेश हवा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) लागते. ती जात पडताळणी समितीकडून येते आणि प्रकरणात त्रुटी निघाली की महिने जातात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावाकडच्या शाळेतून काढायचा असेल तर ते काम बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात होत नसतं. कॉलेजच्या शिक्क्याचा अर्ज अकरावीतच टाका. एखाद्या वर्षी शासन अर्जाच्या पावतीवर मुदतवाढ देतं, पण त्या भरवशावर बसू नका.

२. एप्रिलमध्ये: नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथे, म्हणून जरा सावकाश वाचा. नॉन-क्रिमिलेअर म्हणजे ओबीसीसारख्या प्रवर्गात घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र. त्यावर ते कधीपर्यंत वैध आहे ही तारीख असते आणि ती ३१ मार्चला संपते. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं प्रमाणपत्र लागत होतं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीचं प्रमाणपत्र अगदी हौसेने लॅमिनेट करून आणलं होतं. शिक्का ठसठशीत, सही स्पष्ट, आणि खाली बारीक अक्षरात ‘३१ मार्च २०२५ पर्यंत’. तपासणीच्या टेबलावर ते पुढे सरकवलं तेव्हा समोरच्या बाईंनी काही न बोलता त्या ओळीवर बोट ठेवलं. नवीन काढायला तहसीलला पळापळ झाली, मधे शनिवार-रविवार आला, आणि त्या फेरीत मुलगी खुल्या प्रवर्गात गेली.

तेव्हा आत्ताच घरातलं प्रमाणपत्र काढा आणि शेवटची तारीख बघा. एक वर्षाचं असेल तर एप्रिलमध्ये उत्पन्नाचा दाखला काढून सेतू केंद्रात नवीन अर्ज करा. जूनमध्ये निकाल लागले की तिथे रांग दारापर्यंत येते. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र) पण तसंच, ते आर्थिक वर्षावर चालतं.

आणखी एक गोष्ट: राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागांच्या अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस केंद्राच्या नमुन्यातच लागतं. राज्यातला एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) प्रवर्ग तिथे नाहीच. दोन्ही नमुने एकाच खेपेत करून घ्या.

३. नीटचा फॉर्म

२०२५ मध्ये ७ फेब्रुवारी ते ७ मार्च अशी मुदत होती. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे, प्रवर्ग विचार करून. बाकी काही विशेष नाही.

४. निकालानंतर: दोन वेगळ्या नोंदण्या

अखिल भारतीय कोटा, एम्स आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या प्रवेश समितीकडे. राज्याच्या ८५ टक्के जागा सीईटी सेलकडे. एकीकडे नोंदणी केली म्हणजे दुसरीकडे झाली असं नाही. दोन्हीकडच्या तारखा एकमेकांत घुसतात आणि पुढेही सरकतात. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, सुधारित निकाल २६ जुलैला लागला आणि पहिली फेरी ऑगस्टवर गेली. रोज एकदा दोन्ही संकेतस्थळांवरच्या सूचना स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागच्या वर्षीचं वेळापत्रकही फिरत असतं.

५. पसंतीक्रम

गेल्या वर्षीचा कटऑफ बघून यादी लावू नका. जे कॉलेज खरंच सगळ्यात जास्त हवंय ते वर, मग त्याच्या खालचं. वरचं मिळालं की यंत्रणा खालचं बघत नाही, म्हणून ‘सेफ’ म्हणून वर टाकलेलं कॉलेजच गळ्यात पडतं. यादी शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी लॉक करा आणि प्रिंट काढून ठेवा. शेवटच्या तासात साइट लटकते, ओटीपी येत नाही.

६. फेऱ्या: कधी थांबायचं, कधी सोडायचं

एमसीसीच्या पहिल्या फेरीत जागा मिळाली आणि नको असली तर न जाता सोडून देता येते, नोंदणीवेळी भरलेली अनामत बुडत नाही. प्रवेश घेतलात आणि पुढे चांगलं कॉलेज हवं असेल, तर कॉलेजात हजर होतानाच अपग्रेडला होकार द्यावा लागतो. मग दुसऱ्या फेरीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगली कॉलेजंच टाका. नवीन जागा मिळाली की जुनी त्याच क्षणी जाते, परत मागता येत नाही.

दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामत जाते: सरकारी जागांना खुल्या प्रवर्गात १०,००० रुपये, राखीव प्रवर्गात ५,०००, अभिमतला २ लाख. तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की बाहेर पडता येत नाही, राज्याच्या पुढच्या फेऱ्याही बंद. स्ट्रे राउंडमध्ये (उरलेल्या जागांची शेवटची फेरी) मिळालेल्या जागेवर गेला नाहीत तर अनामत जातेच, वर पुढच्या वर्षी नीटला बसता येत नाही. तेव्हा तिथे ‘बघू तर काय मिळतंय’ म्हणून एकही कॉलेज टाकू नका.

राज्यात ‘स्टेटस रिटेन्शन’ फॉर्म नावाचं एक पान आहे. ते भरलं म्हणजे आहे ती जागा पक्की आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. पुढे कटऑफ उतरेल अशी आशा असेल तर ते भरायची घाई करू नका. पण घराजवळचं सरकारी कॉलेज मिळालं असेल आणि आणखी धावपळ नको असेल, तर मी तरी ते भरून झोपेन.

मूळ कागद कॉलेजात जमा झाले की दुसरीकडे जायला आधी तिथला प्रवेश रीतसर रद्द करून ते परत घ्यावे लागतात. त्यालाही तारीख असते, आणि त्या दिवशी बाराच्या आत पोहोचायचं तर आदल्या रात्रीच्या एसटीचं तिकीट काढलेलं बरं.