जाचिंतो शेल्सी यांचे संगीत कसे ऐकावे

जाचिंतो शेल्सी (१९०५–१९८८) या इटालियन संगीतकाराची ओळख करून घेताना १९५९ सालच्या 'एकाच स्वरावरील चार रचना' या वाद्यवृंदकृतीपासून सुरुवात करावी, कारण तिचा प्रत्येक भाग एकाच स्वराभोवती फिरतो आणि चाल शोधण्याची आपली सवय आपोआप सुटते. शांत खोलीत, चांगले हेडफोन लावून पहिला भाग सलग दोनदा ऐकावा. पहिल्या वेळी केवळ स्वर धरून राहावे. दुसऱ्या वेळी तोच स्वर कुठे किंचित चढतो-उतरतो, एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचा पोत कसा बदलतो आणि कंप केव्हा दाट होतो, याकडे कान द्यावा. तानपुरा जुळवताना एकाच तारेतून उमटणारे वरचे स्वर ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही.

त्यानंतरच चरित्राकडे वळावे. शेल्सी ओंदिओला या विद्युत वाद्यावर उत्स्फूर्त वाजवीत, ते टेपवर ध्वनिमुद्रित करीत आणि व्हिएरी तोसात्ती यांच्यासारखे सहकारी त्याचे स्वरलेखन करीत. यामुळे शेल्सींच्या निधनानंतर या रचना नेमक्या कोणाच्या, असा वाद पेटला. माझ्या मते मात्र ती श्रवणदृष्टी निःसंशय शेल्सींचीच आहे.